राहिलेली फेरी

रोवणीचे दिवस होते. मी कॉलेजातून सुट्टी घेऊन गावी आले होते आणि आईबरोबर बांधीत वाकून धानाची रोपं लावत होते. नाल्याच्या बाजूनं एसटीचा हॉर्न ऐकू आला. आमच्या नाल्याला पूर आला की आलापल्लीहून येणारी गाडी पलीकडच्या काठापर्यंत येते आणि तिथूनच परत फिरते. त्यासाठी ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही. पण त्या दिवशी हॉर्न थांबेचना. आई कंबर सरळ करत म्हणाली, "कोनाचं तरी काही झालं वं." आम्ही चिखलाच्या पायांनीच काठावर गेलो. मधे गढूळ पाणी जोरानं वाहत होतं. पलीकडच्या काठावर गाडीचा ड्रायव्हर दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडत होता. पहिल्यांदा पाण्याच्या आवाजातून फक्त नाव आलं… "इस्माईलभाऊ…" दुसऱ्यांदा बाकीचं आलं. "इस्माईलभाऊ वारले… आज सकाळी… आजच माती हाय…" पलीकडच्या माणसाचं तोंड ओळखू यावं एवढंच अंतर होतं, पण मला ते ओलांडता येणार नव्हतं. ड्रायव्हर थोडा वेळ उभा राहिला, मी काही विचारीन म्हणून.  मी हात वर केला, त्यानंही केला, आणि गाडी वळून गेली. त्या दिवशी आलापल्लीत इस्माईलचाचांना माती दिली, तेव्हा मी धान लावत होते. उपटून ठेवलेली रोपं तशीच सोडली असती तर सुकली असती.

इस्माईलचाचा माझ्या नात्यातले नव्हते. आलापल्लीच्या बसस्टँडच्या पुढं, लाकूड डेपोकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टिनाचं शेड होतं. जीपचे, ट्रकचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे आणि त्यांना रंग मारायचा, हे त्यांचं काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि लिहिण्याची सवय परीक्षेच्या पेपरापुरतीच. चाचांवर लिही, असं आमच्या मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी नाही म्हटलं. कुठून सुरू करायचं तेच समजत नव्हतं. आता वाटतं, आमच्या रांजणावरच्या झाकणापासून सुरू करावं.

आमच्या घरी पाण्याच्या रांजणावर मधे फुगलेलं, गोल, जाड पत्र्याचं एक झाकण होतं. माझ्या आईचं लग्न होऊन ती या घरात आली तेव्हाही ते तिथंच होतं. ते मोटारीच्या चाकावरचं झाकण आहे हे मला सातवीत जाईपर्यंत माहीत नव्हतं. गावाबाहेर, नाल्याच्या काठाला, मोहाच्या झाडाखाली एका जुन्या मोटारीचा सांगाडा पडलेला होता. आम्ही पोरं त्यात बसून खेळायचो, कोंबड्या त्यात अंडी घालायच्या. सगळे तिला 'ठेकेदाराची मोटार' म्हणत. कोणता ठेकेदार, कधीची मोटार, हे कोणी विचारत नव्हतं. एक दिवस सकाळच्या एसटीनं चाचा आले आणि आमच्या दारात उभे राहिले. उंच, किडकिडीत, नखांच्या कडेला रंग. आईला म्हणाले, "बाई, एक वस्तू मागाले आलो. नाई म्हटलं तरी चालते."

आई म्हणाली, "पानी पायजे काय?"

"पानी बी द्या. पन मले ते झाकन पायजे."

"झाकन तुमी नेसान, अन् माह्या रांजनात बेंडूक पडला का मंग?"

चाचांनी पिशवीतून दुसरं झाकण काढलं. त्यांनी स्वतः ठोकून केलेलं, कडा गोल वळवलेली, आणि वर धरायला ट्रकच्या गिअरचा काळा गोळा. आईनं ते रांजणावर ठेवून पाहिलं, उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं. मग ती हसायला लागली. "आता पानी प्याले बी गिअर टाकाव लागते बाप्पा!" तेव्हापासून चाचा आमच्या घरचे झाले. ते झाकण आजही रांजणावर आहे.

कोणाच्या घरातली वापरातली वस्तू रिकाम्या हातानं उचलायची नाही, असा चाचांचा नियम होता. जी वस्तू न्यायची, तिचं काम करणारी दुसरी आधी द्यायची. आमच्या गावात आणि पुढच्या दोन-तीन गावांत ती मोटार घरोघरी वाटली गेली होती. एकाच्या शेळ्यांच्या खोपड्याला तिचं दार होतं, तर कोणी तिच्या सीटच्या सांगाड्यावर मोहफुलं वाळवत होतं. शाळेची घंटा फुटली तेव्हापासून गुरुजी तिचा रबरी फुग्याचा हॉर्न वाजवून पोरं गोळा करत. स्टिअरिंगचं चाक एका घरात कपडे वाळत घालायला छपराला टांगलेलं होतं. चाचा दर आठवड्याला येत, कधी पत्र्याचं दार घेऊन, कधी पितळेची घंटा घेऊन. एसटीचे ड्रायव्हरही त्यांना ओळखायला लागले. एखाद्या गावात काही सापडलं की लोक ते सरळ एसटीच्या टपावर चढवून देत, "इस्माईलभाऊले द्या." आई त्यांच्याबरोबर घरोघरी जायची, कारण अर्ध्या वस्तू चुलीजवळ होत्या आणि चुलीजवळ परका माणूस जाणार कसा? फक्त कमानीचे पाटे मिळाले नाहीत. ज्या जाड लोखंडी पट्ट्यांवर मोटारीचा भार असतो, त्यांचे लोहारानं केव्हाच विळे आणि कुऱ्हाडी करून टाकले होते. "अर्धं गाव ठेकेदाराच्या मोटारीनंच धान कापते," आई म्हणाली, तेव्हा चाचा इतके हसले की त्यांना खोकला लागला. "राहू द्या बाई. ते काम करून राह्यले. पाटे दुसरे पाहीन."

त्यांना त्या मोटारीचीच असली वस्तू का पाहिजे होती, हे आम्हाला फार नंतर समजलं. चंद्रपूरच्या बाजारात दुसरं चाकाचं झाकण मिळालं असतं, तसंच दारही. आईनं एकदा विचारलं, "नवीन काऊन नाई टाकत गा?" चाचा ओट्यावर बसले आणि त्यांनी आम्हाला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ती गोष्ट पुढं मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली, पण पहिल्यांदा सांगताना ते आमच्याकडं न पाहता त्या गिअरच्या गोळ्याकडं पाहत होते, हे मला आठवतं.

चाचांचे वडील, करीम ड्रायव्हर, चंद्रपूरच्या एका लाकूड ठेकेदाराची मोटार चालवत. तेव्हा या भागात मोटार म्हणजे तेवढी एकच. ठेकेदाराचा मुक्काम आमच्या गावाच्याही पुढं, भामरागडकडच्या जंगलात असायचा, आणि गाडीही तिथंच. चंद्रपूरला त्याच्या घरी नवी सून आली होती, तिला पहिल्या श्रावणात माहेरी पोचवायचं होतं, म्हणून गाडी चंद्रपूरला घेऊन ये, असा करीम ड्रायव्हरला निरोप आला. ते एकटेच निघाले. आमच्या नाल्याला पाणी होतं. त्यांना वाटलं, निघेल. मधोमध गाडी बंद पडली, पाणी चढलं, ते कसेबसे पोहून बाहेर आले. पूर उतरल्यावर लाकडं ओढणाऱ्या हत्तीकडून गाडी काठावर ओढून घेतली. पण आणखी पाऊस होता, रस्ता नव्हता. ठेकेदाराचा माणूस गाडी पाहायला आला तोवर दारं, दिवे, चाकं काही राहिलं नव्हतं. ठेकेदार म्हणाला, करीमनं गाडी बुडाल्याचं सोंग केलं आणि सामान विकून खाल्लं. करीम ड्रायव्हरनं पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. आलापल्लीत सायकली दुरुस्त करत बसले. त्या नाल्यापर्यंतही ते पुन्हा आले नाहीत. पण भामरागडच्या रस्त्याला जाणारा कोणीही दिसला की ते विचारत, "नाल्याले पानी कितीक हाय?" उन्हाळ्यातसुद्धा. पोरं त्यांची नक्कल करायची. आणि मरताना ते एवढंच म्हणाले की मालकाची गाडी पोचवायची राहिली.

पुढं कितीतरी वर्षांनी आमच्या गावचा एक माणूस मोहफुलं मोजायचं पत्र्याचं भांडं घेऊन चाचांच्या शेडमध्ये गेला. बुडाला भोक पडलं होतं, ते बुजवायला. चाचांनी भांडं उलटं केलं. तो मोटारीच्या दिव्याचा वाडगा होता, आणि त्याच्या कडेला एक पोचा होता. लहानपणी वडिलांबरोबर गाडी पुसताना, हातातला दगड लागून, तो पोचा चाचांच्याच हातून पडला होता. "हे कुठी भेटलं गा?" त्यांनी विचारलं. तो माणूस सहज म्हणाला, "आमच्या गावात लय हाय असं."

"म्हून मले असलीच पायजे बाई," चाचा आईला म्हणाले. "नवा लावला का लोक म्हनतीन, असली बापानं विकला."

हे गावात पसरलं. मग एक दिवस गावातली म्हातारी माणसं मोहाखाली जमली. त्या मोहाच्या बुंध्याशी आमचा गावदेव आहे. तिथं दगडांमध्ये, हळदीनं पिवळा झालेला, पंख मागं फेकलेला एक पितळी पक्षी आहे. आम्ही लहानपणापासून त्याच्या पाया पडत आलो. तो त्या मोटारीच्या नाकावरचा पक्षी होता. देवाची पूजा करणारा आजा तेव्हा खूप थकला होता. तो चाचांना म्हणाला, "तुह्या बापाले चोर म्हटलं? आमाले कोनी सांगितलंच नाई. गाडी कोनी न्याले येईना, आमी म्हटलं नाल्यानं देल्ली. आमी नेलं सारं. मी सोता नेलं. तुह्या बापानं नाई विकलं." मग त्यानं पक्ष्याकडं हात केला. "हा पायजे असंल तर कोंबडं घेऊन ये, देवाले विचारू."

 चाचा खाली बसले आणि मोठ्यानं रडले. मोठा माणूस असा रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "अब्बा होते तवा मी इथी आलो असतो तर… एकडाव येऊन विचारलं असतं तर…" एवढंच म्हणत होते. आई त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. उठताना त्यांनी पक्ष्याकडं पाहिलं आणि आजाला म्हणाले, "पक्षी इथीच बरा. त्याले सावली हाय." त्यानंतर त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. मोटारीच्या नाकावर पक्ष्याच्या स्क्रूची दोन भोकं होती. ती बुजवून टाका असं कितीतरी जण म्हणाले, पण चाचांनी ती तशीच ठेवली.

सांगाडा ट्रॅक्टरवर घालून आलापल्लीला नेला. मी दहावी पास होऊन तिथंच मुलींच्या होस्टेलमध्ये राहायला गेले, आणि दर रविवारी चाचांकडं जायला लागले. अमीनाचाची मला भात आणि मासोळीचा रस्सा वाढायची आणि चाचांची तक्रार करायची. "सवत आनून ठेवली शेडमधी. रोज आंघोळ घालते तिले." चाचा रोजची कामं उरकून संध्याकाळी तेवढा वेळ गाडीवर घालवत. इंजिनासाठी त्यांनी चंद्रपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना कितीदा तरी आणलं. दाराच्या आतल्या कडेला, जिथं ऊन-पाणी लागलं नव्हतं, तिथं त्यांना गाडीचा मूळ रंग सापडला. गडद हिरवा, मोहाच्या जुन्या पानासारखा. तसा रंग जमेपर्यंत ते पत्र्याच्या तुकड्यांवर मारून पाहत आणि ते तुकडे शेडमध्ये तारेवर टांगून ठेवत. त्यांचा मुलगा सलीम भद्रावतीकडं कोळसा खाणीत नोकरीला आहे. तो सुट्टीत आला की म्हणायचा, "अब्बा, जीपचं डिझल इंजन टाकू याच्यात, लग्नाले भाड्यानं देऊ." चाचा म्हणायचे, "तुह्या छातीत बैलाचं काळीज टाकू काय? चालशीन तर मस्त, पन हंबरशीन." सलीम स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचा.

चाचांनी मला कॉलेजात जायला सांगितलं, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मी काय शिकते हे त्यांना नीट माहीतही नव्हतं. पण बी.ए.च्या पहिल्या वर्षी मी नापास झाले. वर्गात काय बोलतात ते मला समजत नव्हतं, आणि घरी कोणाला विचारणार? मी पेटी बांधली आणि गावाकडची गाडी पकडायच्या आधी चाचीला भेटायला गेले. चाचा गाडीखाली झोपून काम करत होते. तिथूनच म्हणाले, "कुठी चालली?" मी सांगितलं. थोडा वेळ आतून फक्त पान्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "अब्बाले कोनी सांगितलं नाई बेटी, का उशीर झाला तरी चालते. एक रात नाल्यावर झोपला असता, तर सकाळी पानी उतरलंच असतं. नापास झाली तर झाली. थांब. नाल्यात उडी बी नको घेऊ, अन् मागं बी नको फिरू." मी पेटी घेऊन होस्टेलला परत गेले. पुढच्या वर्षी पास झाले. या वाक्यासाठी मी त्यांना कधी काही म्हटलं नाही… म्हणायला हवं होतं.

दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर, गाडी तयार झाली. आता ती कोणाला देणार, म्हणून लोक विचारायला लागले. नागपूरहून एक हौशी गृहस्थ दोनदा येऊन गेले. चाचा सगळ्यांना सांगत, "गाडी माही नाई. अब्बाची बी नव्हती. ज्याची हाय त्याच्या दारात नेऊन उभी करनार." लोकांना ते वेड वाटलं. सलीमला राग आला, पण त्यानंच गाडी धुतली. चाचांनी गाडी चंद्रपूरच्या आधी उलट्या दिशेनं, आमच्या गावाला आणली. "फेरी इथी राहिली, इथूनच सुरू कराची." मोहाखाली तिला वळवून उभं केलं. आजानं देवाची हळद तिच्या त्या दोन भोकांवर लावली. आईनं इंजिनासाठी आमच्या रांजणातलं पाणी डब्यात भरून दिलं. मागं चाची आणि मी बसलो. आता नाल्यावर ठेंगणा रपटा, पुरात बुडणारा छोटा पूल, झाला आहे, पाणी पायाच्या घोट्याएवढं होतं. मधोमध गेल्यावर चाचांनी गाडी थांबवली. दोन्ही हात चाकावर, नजर समोर. चाची म्हणाली, "चला न आता, का पुन्हा पूर येवाची वाट पाहता?" आणि आम्ही निघालो. आष्टी, गोंडपिपरी… जिथं गाडी गरम झाली तिथं थांबत, लोकांचा घोळका जमे. चाचा कोणाशी फार बोलत नव्हते. इस्त्रीचा पांढरा सदरा त्यांनी घातला होता आणि सारखा झटकत होते.

चंद्रपूरच्या त्या घरासमोर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ठेकेदार जाऊन खूप वर्षं झाली होती. त्यांचा तरुण पणतू बाहेर आला. चांगला मुलगा होता, आम्हाला खुर्च्या देऊ लागला, पण त्याला काहीच माहीत नव्हतं. "आमची गाडी? काका, आमच्याकडं अशी गाडी होती? तुमचा काही गैरसमज होतो आहे." चाचा म्हणाले, "तुमच्या घरी करीम ड्रायव्हर होता. त्याचा पोरगा मी." त्या मुलानं ते नाव कधी ऐकलं नव्हतं. चाचा चावी हातात धरून तसेच उभे होते. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घरोघरी फिरले, ते ऐकायला त्या दारात कोणी नव्हतं. मला वाटलं, परत फिरावं, यांना इथं असं उभं राहू देऊ नये.

तेवढ्यात आतून एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या. त्या मुलाची आजी. पायऱ्या उतरून त्या गाडीजवळ गेल्या, हिरव्या दारावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून चाचांकडं वळून पाहिलं. नीट पाहिलं. मग मालकिणीच्या ठसक्यात म्हणाल्या, "इतका उशीर काऊन केला?"

नातू म्हणाला, "आजी, हे…" त्यांनी हातानं त्याला थांबवलं.

चाचांनी मान खाली घातली. "नाल्याले पूर होता, बाई."

"उतरलं काय मंग पानी?"

"उतरलं, बाई."

त्या पायरीवर बसल्या. "मी पिशवी भरून इथीच बसली होती," त्या म्हणाल्या. "पहिला श्रावण होता माहा. दिवस बुडला. मंग मामंजी म्हनाले, ड्रायव्हरनं गाडी विकली. मी म्हटलं, करीमभाऊ तसा मानूस नाई. पन नव्या सुनेचं कोन ऐकते?" चाचा ऐकत होते. मी चाचीचा हात धरला होता, का तिनं माझा, आता आठवत नाही. मग बाईंनी गाडीच्या नाकाकडं पाहिलं. "अन् पक्षी कुठी गेला?"

"देवाजवळ हाय, बाई."

"मंग बरा हाय."

चाचांनी त्यांना मागच्या सीटवर बसवून गल्लीतून एक चक्कर मारली. परत आल्यावर चावी दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. आम्ही एसटीनं परतलो. चाचा खिडकीला डोकं लावून आलापल्लीपर्यंत झोपले. पुढच्या श्रावणात चाचांच्या शेजारच्या दुकानात फोन आला. नातवानं त्या गाडीतून आजीला तिच्या माहेरच्या गावी नेऊन आणलं होतं. तिथं तिचं असं आता कोणी नव्हतं, तरी ती अंगणात उतरून थोडा वेळ बसली, म्हणाला. चाचांनी ते मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा शेवटी हात झटकून म्हणाले, "झालं. पोचली."

त्यानंतर त्यांचा खोकला वाढत गेला. रंगाच्या फवाऱ्यात आयुष्य गेलेल्या माणसाची छाती… डॉक्टरांनी शेडमध्ये जाऊ नका म्हणून सांगितलं, म्हणून ते शेडच्या दारात खाट टाकून पडत. या वर्षी रोवणीसाठी मी गावी निघाले तेव्हा त्यांना भेटायला गेले होते. रस्त्यावर गाडी आली. कोणीही भामरागडच्या बाजूला निघालं की चाचा ड्रायव्हरला वडिलांसारखंच नाल्याचं पाणी विचारायचे, आणि चाची त्यांना चिडवायची, "कोनी बी निघालं का याले पानीच दिसते." त्या दिवशी त्यांचा आवाज गाडीपर्यंत पोचेना. ड्रायव्हरनं मान हलवली, समजलं म्हणून. चाचांनी मला हातानं जा म्हटलं. तेच शेवटचं.

पूर उतरल्यावर पहिल्या गाडीनं मी आलापल्लीला गेले. घरातली गर्दी ओसरली होती, सलीमही कामावर परतला होता. शेडमध्ये गाडीची जागा रिकामी होती. तिथं चाचीनं दीड वर्षात काही ठेवू दिलं नव्हतं. जमिनीवर तेलाचा डाग तसाच होता, आणि तारेवर टांगलेले हिरव्या रंगाचे तुकडे वाऱ्यानं एकमेकांवर वाजत होते. दारातल्या खाटेवर चाची बसली होती. मला पाहून ती उठली नाही. म्हणाली, "इतका उशीर काऊन केला, बेटी?"

तिला ते शब्द आठवले होते की ते सहज आले, मला माहीत नाही. मी वाटेत काय काय बोलायचं ठरवून आले होते. त्यातलं काही आलं नाही. मी म्हटलं, "नाल्याले पूर होता, चाची."

ती खाटेवर थोडी सरकली. मी तिच्याजवळ बसले. चाचांनी मला एकदा थांबायला शिकवलं होतं. उशीर झाला तरी चालतं, म्हणाले होते. पण काही वेळा नाही चालत, चाचा. पाणी उतरतं आणि माणूस राहत नाही. हे मी तिथं बसून मनातल्या मनात त्यांना सांगितलं. चाची रडत नव्हती. मीच रडत होते आणि ती माझ्या पाठीवर हात फिरवत होती.

संध्याकाळी ती मला गाडीत बसवायला रस्त्यापर्यंत आली. नाल्यापलीकडून ओरडणारा तोच ड्रायव्हर होता. मी चढले. चाची मागं फिरली नाही. पदर सावरत ती गाडीच्या पुढून फिरून ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली आणि मान वर करून तिनं विचारलं, "ड्रायव्हरभाऊ, नाल्याले पानी कितीक हाय?"

त्यानं इंजिन बंद केलं. म्हणाला, "गुडघ्याच्या खाली हाय, चाची. पोचवतो."